चिकट टेबल, काळे डाग आणि बेल तेल

मृगाचे पहिले पाऊस पडून गेले की तेल लावलेल्या लाकडाचं खरं रूप उघडं पडतं. एप्रिल-मे महिन्यात हौसेनं चमकवलेल्या सागवानी खुर्चीच्या हातावर वर्तमानपत्र ठेवलं, तर उचलताना कागदाचा पापुद्रा तिथंच राहतो. जेवणाच्या टेबलावर कोपर टेकला की कातडीला ओढ बसते. दिवाणाच्या कडेला धूळ अशी धरते की फडक्यानं पुसून हलत नाही. मग घरातलं कुणीतरी निदान करतं, ‘लाकूड कोरडं पडलंय, आणखी एक हात द्या.’ हात दिला जातो आणि चिकटपणा दुप्पट होतो.

तेल लावलेल्या लाकडाच्या बहुतेक तक्रारींचं मूळ जास्तीच्या तेलात असतं. कधी ते पुसायचं राहून गेलेलं असतं, कधी ते वाळणाऱ्या जातीचंच नसतं, तर कधी अशा थरावर ओतलेलं असतं की लाकडापर्यंत पोचूच शकत नाही. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी लाकडावर आत्ता काय बसलं आहे, हे ओळखायला हवं. ते एकदा जमलं की घरच्या घरी सांभाळायला तेलाइतकं सोयीचं दुसरं फिनिश नाही. मेलामाइन किंवा पीयू केलेल्या टेबलावर खोल ओरखडा गेला, तर तेवढीच जागा दुरुस्त करणं अवघड जातं. पॉलिशवाल्याला बोलावून बहुधा सगळा पृष्ठभाग उतरवावा लागतो. तेलाच्या टेबलावर हातभर जागा घासून, तेल मुरवून, पुसून घेतली तरी सांधा दिसत नाही.

छत्रपती संभाजीनगरची छावणी मागे टाकून दौलताबादच्या दिशेनं निघालं की पडेगाव लागतं. इथलं हवामान लाकडाची परीक्षा पाहणारं आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि हवा इतकी कोरडी होते की दाराच्या फळ्यांत फटी दिसू लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये तीच फळी फुगून दार चौकटीला घासतं. फळीच्या रुंदीतली ही हालचाल दरवर्षी होणारच. कोणतंही तेल ती थांबवत नाही, फार तर तिचा वेग थोडा कमी करतं. म्हणून उन्हाळ्यात दिसलेल्या फटीत लांबी भरण्याची घाई करू नये. पावसाळ्यात लाकूड फुगलं की ती लांबी बाहेर ढकलली जाते. त्याशिवाय उन्हाळाभर चालणारा कूलर आणि बोअरचं जड पाणी या दोघांच्या खुणा इथल्या फर्निचरवर हमखास सापडतात. त्यांच्याकडे पुढे येऊ.

आधी तेलाची गोष्ट. लाकडावरचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि पातळ तेलाचा घट्ट पापुद्रा बनतो. प्रत्येक तेलात ही ताकद नसते. ती मोजण्याचं एक जुनं माप म्हणजे आयोडीन मूल्य. खोबरेल तेलाचं ते दहाच्याही आत असतं, शेंगदाणा तेलाचं साधारण ८५ ते १०५, तिळाच्या तेलाचं ११० च्या आसपास. जवसाच्या तेलाचं मात्र १७० ते २०० पर्यंत जातं. ढोबळमानानं १३० च्या पुढची तेलं वाळतात, शंभराच्या आतली कधीच वाळत नाहीत, आणि मधली वाळल्यासारखी करून चिकट राहतात. म्हणजे ज्या दारावर, देव्हाऱ्यावर किंवा पाटावर वर्षानुवर्षं खोबरेल वा शेंगदाणा तेल चोळलं गेलं, तिथलं तेल आजही तेलच आहे. त्यावर धूळ, धूर आणि हातांचा मळ बसून काळं किटण तयार झालेलं असतं. अनेकांना ते जुन्या लाकडाचं तेज वाटतं, पण टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की खालचा सोनेरी साग दिसतो.

मराठवाड्याच्या माणसाला इथं करडईची आठवण होणं साहजिक आहे. परभणी, लातूर, धाराशिवच्या काळ्या रानातली करडई खरोखरच वाळणाऱ्या तेलांच्या उंबरठ्यावर बसते. तिचं आयोडीन मूल्य १४० च्या घरात असतं आणि जवसापेक्षा ती कमी पिवळी पडते, म्हणून रंग बनवणाऱ्यांनीही ती वापरली आहे. तरी स्वयंपाकघरातली पिशवी फोडून टेबलावर ओतू नये. रिफाइंड तेल खवट होऊ नये म्हणून त्यात बऱ्याचदा अँटिऑक्सिडंट घातलेलं असतं. तेल खवट होणं आणि तेल वाळणं या मुळात ऑक्सिजनच्याच करामती आहेत. एक रोखली की दुसरीही मंदावते. शिवाय करडईच्या काही नव्या जातींत ओलेइक आम्ल जास्त असतं, त्यांचं तेल तळणाला टिकाऊ पण लाकडाला निरुपयोगी.

उरतं ते जवस. हार्डवेअरच्या दुकानात ‘बेल तेल’ म्हणून मिळतं ते जवसाचंच, लवकर वाळावं म्हणून मँगनीज-कोबाल्टसारख्या धातूंचे क्षार मिसळलेलं. कच्चं जवस तेल वाळायला कित्येक दिवस, कधी काही आठवडे घेतं. बेल तेलाचा पातळ हात कोरड्या हवेत एक-दोन दिवसांत वाळतो. ज्यांनी लहानपणी क्रिकेटच्या नव्या बॅटला तेल पाजलं आहे, त्यांना पातळ हाताचं महत्त्व वेगळं सांगायला नको. तिथंही चार थेंब घेऊन चोळायचं, बॅट आडवी ठेवून मुरू द्यायचं आणि उरलेलं पुसायचं, हाच नियम असतो. टेबल मोठं असतं म्हणून नियम बदलत नाही. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा: पोळपाट, लाटणं, काथवट अशा अन्नाला लागणाऱ्या वस्तूंना बेल तेल अजिबात लावू नये. त्यांना घाण्याचं कच्चं जवस तेल किंवा नुसतं खोबरेल पुरतं, कारण त्या रोज धुतल्या जातात.

आता चिकटपणा. तेल लावून दोन-चार दिवसच झाले असतील तर काम सोपं आहे. सुती फडकं टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळावं, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं पुसावं, फडकं मळलं की बदलावं. दोन-तीन फेऱ्यांत वरचं न वाळलेलं तेल निघतं. मग कोरड्या फडक्यानं जोर लावून पुसावं आणि आठ-दहा दिवस त्या वस्तूला हात लावू नये. पंखा चालू ठेवावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

थर महिनाभर जुना, अर्धवट घट्ट आणि चिकट असेल तर टर्पेंटाइन एकटं पुरत नाही. त्यासाठी पॉलिशवाल्यांची एक युक्ती उपयोगी पडते. त्याच जागेवर थोडं ताजं बेल तेल टर्पेंटाइनमध्ये निम्मं-निम्मं मिसळून लावावं आणि वीस मिनिटं थांबावं. नवं तेल जुन्याला मऊ करतं. मग भांडी घासायच्या हिरव्या पॅडनं हलक्या हातानं घासावं. चिकट लगदा सुटू लागतो. तो कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसून काढावा. इथं ‘पूर्ण’ या शब्दावर सगळं अवलंबून आहे. फडक्यावर काही उमटेनासं होईपर्यंत पुसायचं. तारेची घासणी वापरू नये. तिचे कण लाकडाच्या छिद्रांत अडकतात आणि पावसाळ्यात गंजून काळे ठिपके पडतात.

तेल इतकं जाड बसलं असेल की त्याला सायीसारख्या सुरकुत्या आल्या आहेत, तर पुसून वेळ घालवू नये. वरचा पापुद्रा वाळलेला असतो आणि त्यानं खालच्या तेलाची हवा तोडलेली असते; ते तेल तसंच पडून राहतं. अशा वेळी खरवडणं हाच उपाय. जुने सुतार यासाठी काचेचा सरळ कडेचा तुकडा वापरत. आज पोलादी पट्टीचा स्क्रॅपर मिळतो, तो हाताला सुरक्षित. पापुद्रा निघाल्यावर टर्पेंटाइननं पुसून, दोन दिवस वाळवून मगच १८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासावं. ओल्या तेलावर कोरडा पेपर चालवला की तो चार हातांत गुळगुळीत होऊन वाया जातो.

शिसवीच्या खुर्च्या, जुने पलंग आणि देव्हारे हा वेगळा प्रकार. शिसम आणि शिसवीच्या गाभ्यात अशी नैसर्गिक द्रव्यं असतात जी तेलाचं वाळणं रोखून धरतात. सागातही थोड्या प्रमाणात तसंच घडतं. त्यामुळे त्याच डब्यातलं तेल आंब्याच्या किंवा बाभळीच्या लाकडावर दोन दिवसांत वाळतं आणि शिसवीवर पंधरवडा ओलं राहतं. दोष तेलाचा नसतो. उपाय असा की लावण्याआधी पृष्ठभाग अॅसिटोन किंवा स्पिरिटनं पुसून वरवरची द्रव्यं काढावीत, ते उडालं की लगेच अगदी पातळ हात द्यावा. तरीही जमत नसेल तर शिसवीला तेलाचा आग्रह धरू नये. तिला चपड्याचं, म्हणजे लाखेचं स्पिरिट पॉलिश जास्त शोभतं, आणि जुन्या कारागिरांनी तिला बहुधा तेच दिलेलं असतं.

सागाबद्दलही थोडं. बल्लारशाच्या जंगलातला जुना, घट्ट रेषांचा साग आणि आज बाजारात येणारा लागवडीचा किंवा परदेशी साग यांत फरक असतो. कोवळ्या झाडाच्या लाकडात बाहेरचा फिकट भाग जास्त येतो. तो तेल भसाभस पितो, तर गाभा जेमतेम पितो. टेबलावर ढगाळ पट्टे दिसतात ते त्यामुळे. पट्टे घालवण्यासाठी फिकट भागावर जास्त तेल ओतलं की तो आणखी काळपट होतो. सगळं लाकूड २२० नंबरपर्यंत सारखं घासावं आणि पहिला हात टर्पेंटाइननं पातळ करून द्यावा, म्हणजे फरक बराच कमी होतो. पूर्ण जाणार नाही. तो लाकडाचा स्वभाव आहे. आणि तेल नसेल तर साग टिकणार नाही, ही भीतीही सोडावी. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांनंतर आजही छताला आहेत. घरातल्या सागाला तेल हवं ते डागांपासून बचावासाठी आणि दिसण्यासाठी.

तेल लावून, नीट पुसून ठेवलेल्या फळीवर तासाभरानं घामासारखे थेंब दिसतात, तेव्हा नवखा माणूस गोंधळतो. सागाच्या मोठ्या छिद्रांत शिरलेलं तेल उष्णतेनं बाहेर येतं. सकाळी गारव्यात तेल लावलं आणि दुपारी खिडकीतून ऊन आलं की हे हमखास होतं. थेंब ओले असताना दर तासाला पुसत राहिलं की प्रश्न मिटतो. रात्रभर राहिले तर सकाळी खरखरीत ठिपके हाताला लागतात. ते बारीक पेपरनं काढावे लागतात. म्हणून तेल दुपार कलल्यावर, लाकूड तापून पुन्हा गार होत असताना लावावं. गार होणारं लाकूड तेल बाहेर टाकत नाही.

कूलरच्या वाऱ्याच्या वाटेत असलेल्या टीव्ही-कपाटावर किंवा पलंगाच्या दांडीवर पांढरट धुरकटपणा येतो, त्याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे मेणाच्या किंवा तेलाच्या थरात अडकलेली ओल. गरम चहाच्या कपाचं पांढरं वर्तुळ याच जातीचं. ते चार दिवस मोकळ्या हवेत ठेवल्यावर बऱ्याचदा आपोआप फिकट होतं. नाहीच गेलं तर फडक्यावर दोन थेंब तेल घेऊन ४०० नंबरच्या पेपरनं अलगद घासून पुसावं. दुसरं कारण आहे पाण्यातल्या क्षारांचं. काळ्या पाषाणातून उपसलेलं बोअरचं पाणी जड असतं. कूलरच्या गवताच्या जाळीवर जसा चुन्याचा थर बसतो, तसाच सूक्ष्म थर तुषारांतून लाकडावर बसतो. तेल चोळल्यावर हा डाग क्षणभर नाहीसा होतो आणि वाळल्यावर परत दिसतो, हीच त्याची ओळख. पांढरं व्हिनेगर आणि फिल्टरचं पाणी सम प्रमाणात घेऊन पिळलेल्या फडक्यानं पुसावं, लगेच साध्या ओल्या आणि मग कोरड्या फडक्यानं. व्हिनेगर लाकडावर साचू देऊ नये. आणि कूलरची दिशा बदलावी. ती न बदलता केलेली दुरुस्ती पुढच्या एप्रिलपर्यंतच टिकेल.

काळे डाग मात्र तेलानं, व्हिनेगरनं किंवा घासून सहज जात नाहीत. ओल्या लोखंडी तव्याचं, खिळ्याच्या डोक्याचं, कुंडीखालच्या गंजक्या कड्याचं निळसर-काळं वर्तुळ म्हणजे लाकडातलं टॅनिन आणि लोह यांची शाई आहे. हिरड्यात हिराकस घालून पूर्वी शाई करत, ती याच क्रियेनं. बाभळीत टॅनिन भरपूर, म्हणून तिथं डाग गडद. सागात कमी, पण पडतो. यावरचा नेमका उपाय ऑक्झॅलिक आम्ल. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅमच्या आसपास पूड प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवावी. डागाभोवतीचं तेल-मेण आधी टर्पेंटाइननं आणि बारीक पेपरनं काढलेलं हवं, नाहीतर द्रावण आत शिरत नाही. नुसत्या डागावर न लावता सगळ्या फळीवर ब्रशनं लावावं; तेवढ्याच जागी लावलं तर तिथं फिकट चट्टा उमटतो. पंधरा-वीस मिनिटांत काळा रंग विरू लागतो. नंतर स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा पुसून घ्यावं.

पडेगावसारख्या ठिकाणी एक काळजी इथं महत्त्वाची: द्रावण बनवायला आणि पुसायला बोअरचं पाणी घेऊ नये. त्यातलं कॅल्शियम ऑक्झॅलिक आम्लाशी मिळून न विरघळणारा पांढरा साका होतो आणि तो लाकडाच्या छिद्रांत बसतो. आरओचं पाणी घ्यावं. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे, चष्मा हवेच, भांडं मुलांच्या हाती लागू नये, आणि वाळलेल्या लाकडावर नंतर पेपर मारायचा तर नाकाला मास्क लावावा. नीट न धुतलेल्या फळीची धूळ घशाला झोंबते.

हळदीचा डाग मराठी घरात सगळ्यात जास्त पडतो आणि त्याच्यावरच सगळ्यात चुकीचे उपचार होतात. साबण किंवा सोडा लावला की हळद अल्कलीमुळे तांबडी होते आणि घाबरलेला माणूस आणखी घासतो. हळदीतला रंग उन्हापुढे टिकत नाही. टेबलावरची जास्तीची हळद कोरड्या कागदानं टिपून घ्यावी, मग टेबल दोन-तीन दिवस सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवावं किंवा खिडकीजवळ सरकवावं. डाग फिका पडत जातो. नंतर गरज वाटली तर तेलाचा हलका हात.

पावसाळ्यात कपाटाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडच्या पायांवर हिरवट-पांढरी बुरशी येते. जवसाचं तेल, विशेषतः कच्चं, बुरशीला खाद्य पुरवतं. जाड तेलाच्या थरावर ती जास्त जोमानं वाढते. उघड्या हवेत ब्रशनं झटकून, स्पिरिटनं पुसून, फर्निचर भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं. भिंतीलाच ओल असेल तर आधी भिंत दुरुस्त करावी. याच कारणानं गच्चीवरच्या झोपाळ्याला जवसाचं तेल लावू नये. उन्हापावसात ते वर्ष-दोन वर्षांत काळं पडतं. साग बाहेर ठेवायचा तर त्याला राखाडी होऊ द्यावं, वर्षातून एकदा धुवावं. राखाडी साग खराब झालेला नसतो.

आतापर्यंतचं सगळं लाकडावर तेलच आहे, असं धरून चाललेलं. पण ते तपासल्याशिवाय धरू नये. टेबलाच्या खालच्या अंगाला, न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवावा. पाच-दहा मिनिटांत लाकूड गडद झालं तर तिथं तेल किंवा नुसतं लाकूड आहे. थेंब तसाच राहिला तर पुढची चाचणी: कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन दाबावं, मिनिटभरात जागा चिकट झाली तर लाखेचं पॉलिश. स्पिरिटनं काही झालं नाही आणि एनसी थिनरनं ती मऊ झाली तर लॅकर. दोन्हींनी काही होत नसेल तर मेलामाइन किंवा पीयू. या शेवटच्या तिन्हींवर तेल ओतणं म्हणजे काचेवर ओतणं. ते वर पडून राहतं, धूळ धरतं, चिकटतं. अशा फर्निचरला टर्पेंटाइननं पुसून घेतलं की ‘तेलाचा बिघाड’ संपतो. सिलिकॉनच्या चकाकी देणाऱ्या स्प्रेपासूनही लांब राहावं. तो एकदा छिद्रांत गेला की नंतर दिलेलं कोणतंही फिनिश त्यावर फाटून गोल खड्डे पडतात.

श्वास घेणाऱ्या पृष्ठभागावर बंद थर चढवला तर काय होतं, याचं सर्वांत महाग उदाहरण याच जिल्ह्यात आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती काढताना एकोणिसाव्या शतकात रंग उठून दिसावेत म्हणून त्यांवर व्हार्निश लावलं गेलं. पुढे निजामाच्या हैदराबाद संस्थानानं १९२० ते १९२२ च्या सुमारास लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. सुटू लागलेले पापुद्रे त्यांनी भिंतीला पक्के केले, हे मोलाचं काम झालं. पण चित्रांवर लाखेचा हातही दिला. काळ गेला तशी ती लाख पिवळी-तपकिरी पडली आणि मूळचे निळे, पांढरे रंग तिच्याआड गेले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना ती इंचाइंचानं उतरवण्यात वर्षानुवर्षं घालवावी लागली. त्या काळी लाख हे उत्तम द्रव्य मानलं जात होतं, हेतूही चांगला होता. घरातल्या जुन्या संदुकीवर ‘टिकावं म्हणून’ चकचकीत व्हार्निश मारण्यापूर्वी हा इतिहास आठवावा. जो थर पुढच्या माणसाला सहज काढता येईल तोच लावावा. मेण या कसोटीला बऱ्यापैकी उतरतं.

जुन्या वाड्यांचे खांब, तुळया, दारं विकत घेऊन त्यांची टेबलं-बाकं करण्याची आवड सध्या वाढली आहे. अशा लाकडावर रंगाचे थर असतील तर पॉलिश पेपर हातात घेण्याआधी थांबावं. घरगुती रंगांतल्या शिशावर भारतात ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं, आणि कोरडं घासलं की त्याची धूळ घरभर पसरते. लहान मुलांना ती सर्वांत घातक. हा रंग रसायनानं मऊ करून ओला असतानाच खरवडावा, घराबाहेर, आणि खरवड गोळा करून बांधून टाकावी. घरात बाळ किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घरात करूच नये.

दुरुस्ती झाल्यावर नवा हात कसा द्यायचा, हे थोडक्यात सांगता येतं. पहिला हात बेल तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, पुढचे एक-दोन नुसत्या तेलाचे. फडक्यानं लावायचं, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायचं, मग पुसायचं, तासाभरानं पुन्हा पाहून पुसायचं. दोन हातांमध्ये किमान दोन दिवस. टेबलाच्या फळीची खालची बाजू विसरू नये. एकाच बाजूला तेल असलेली रुंद फळी वाकण्याची शक्यता वाढते. काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत करावं. तेव्हा हवा कोरडी असते, दिवस उबदार असतात आणि तेल शांतपणे वाळतं. पावसाळ्यात हे काम काढलं तर प्रत्येक हाताला तिप्पट वेळ द्यायची तयारी हवी. वरून मधमाशांच्या मेणाचा हात द्यायचा असेल तर तो अगदी पुसट द्यावा. मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण मराठवाड्याच्या मे महिन्यात ते त्याआधीच मऊ होऊन धूळ धरू लागतं. थंड देशांतल्या पुस्तकांत सांगितलेला मेणाचा जाड थर इथं चालत नाही.

आणि एक गोष्ट अशी आहे जी पॉलिशच्या कामात दुर्लक्षिली जाते, पण तिच्यात जीव जाऊ शकतो. जवसाचं तेल वाळताना उष्णता बाहेर टाकतं. टेबलावर पसरलेल्या तेलाची उष्णता हवेत निघून जाते. चोळामोळा करून टाकलेल्या चिंध्यांत ती कोंडते, वाढत जाते आणि काडी न लावता चिंध्या पेटतात. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत २३ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री हेच झालं. बाविसाव्या मजल्यावर लाकडी पॅनेलला तेल देणाऱ्या कामगारांनी जवसाच्या तेलाच्या चिंध्या तशाच ठेवल्या होत्या. आग अठरा तासांहून अधिक चालली, तीन अग्निशमन जवान दगावले, आणि ती थांबली ती तिसाव्या मजल्यावर, जिथं पाण्याचे स्प्रिंकलर बसवलेले होते. ती रात्र थंडीतली होती. पडेगावात मार्चनंतर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, रद्दीच्या शेजारी टाकलेल्या चिंध्यांना पेटायला याहून अनुकूल जागा मिळते. म्हणून घरी काम करा किंवा पॉलिशवाल्याकडून करून घ्या, संध्याकाळी एवढं स्वतः पाहा: वापरलेली प्रत्येक चिंधी पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवा, किंवा एकेक मोकळी करून अंगणातल्या तारेवर पसरून कडक होईपर्यंत वाळवा, आणि मगच कचऱ्यात टाका.